जुनी गाडी सारखी तापते? पार्ट बदलायच्या आधी हे क्रमाने करा

गाडी तापायला लागली की बहुतेक लोकांचं ठरलेलं असतं. आधी पाणी टाकायचं, मग कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदलायचं, मग कोणाच्या तरी सांगण्यावरून थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारा वॉल्व) काढून टाकायचा, मग रेडिएटर नवा, मग वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप), आणि एवढं सगळं करून गोव्यातून बेळगावला जाणाऱ्या चोर्ला घाटात तापमानाचा काटा परत वर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. यातला एकेक पार्ट कदाचित खराब असेलही, पण कुठला खराब आहे हे कोणी बघितलेलंच नसतं, आणि दरवेळी तापलेल्या इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं धातूचं झाकण) थोडं थोडं वाकत जातं.

म्हणून इथे तपासणीचा क्रम सविस्तर लिहितोय. मारुती ८००, झेन, वॅगन आर, सँट्रो, इंडिका, जुनी स्विफ्ट अशा गाड्या डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, बाकी पाण्यावर थंड होणाऱ्या कुठल्याही इंजिनाला क्रम हाच. अर्ध्याहून जास्त कामं घरी होतात. जी होत नाहीत तिथे गॅरेजला नेमकं काय सांगायचं तेही कळेल.

आधी एक इशारा: रस्त्यात तापली तर

एसी बंद, हीटर फुल गरमवर, ब्लोअर फुल. घामाघूम व्हाल पण इंजिनाची उष्णता बाहेर पडते. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या. वाफ नसेल, कूलंट सांडलेलं नसेल आणि पंखा फिरत असेल तर दोन-तीन मिनिटं न्यूट्रलला चालू ठेवली तर काटा खाली येतो. वाफ येतेय, खाली पाणी सांडलंय, बेल्ट तुटलाय किंवा काटा लालमध्ये गेलाय, यातलं काहीही असेल तर लगेच बंद करा, आणखी एक किलोमीटरसुद्धा नको.

रेडिएटरची कॅप गरम असताना उघडायची नाही. कापड धरून नाही, हळूहळू फिरवून नाही, अजिबात नाही. आतलं पाणी दाबाखाली १०० डिग्रीच्या वर असतं, कॅप सैल झाली की ते एकदम उकळून तोंडावर येतं. किमान पाऊण तास थांबा, वरचा होस (रेडिएटरची जाड रबरी नळी) दाबून मऊ लागला तरच कॅपला हात. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, त्याने हेड किंवा ब्लॉकला चीर जाऊ शकते.

१. गाडी नक्की कधी तापते ते लिहून काढा

हे सगळे गाळतात आणि खरं निदान इथेच असतं. काही दिवस मोबाईलमध्ये नोंद ठेवा: कुठे तापली, स्पीड किती होता, एसी चालू होता का, चढ होता का, गाडी सुरू करून किती वेळ झाला होता.

पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात किंवा चोडणच्या फेरीच्या रांगेत तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, तर हवेचा प्रश्न आहे. म्हणजे पंखा, त्याचं वायरिंग, नाहीतर रेडिएटरच्या जाळीवर बसलेला कचरा.

उलट शहरात ठीक पण अनमोड किंवा चोर्ला चढताना, किंवा हायवेला ८०-९० वर तापते, तर पाण्याचा प्रवाह कमी पडतोय. आतून बुजलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेली वॉटर बॉडी, किंवा जोर पडल्यावर पंपाच्या ओढीने चपटा होणारा खालचा होस.

सकाळी गार गाडी सुरू केली आणि चार-पाच मिनिटांतच होस दगडासारखा कडक, कूलंटच्या जादा बाटलीत बुडबुडे, तर हेड गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलचा) संशय पहिला.

आणि कुठेही कधीही तापते, पाणी सारखं कमी होतं, तर गळती किंवा कॅप.

*चेक:* काटा खरं बोलतोय का तेही बघा. जुन्या गाड्यांत सेन्सरची अर्थिंग खराब असली की काटा उगाच वर जातो. गाडीला ओबीडी सॉकेट (स्कॅनर लावायची जागा) असेल तर साधा ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाईलवर कूलंटचं तापमान दिसतं. नसेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धरा, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो कमी दाखवतो म्हणून आधी तिथे काळी टेप चिकटवा. साधारण ८५ ते १०० मध्ये असेल तर गाडी ठीक आहे. ११० च्या वर गेलं तर खरंच तापतेय.

याच्या उलट प्रकार जास्त धोक्याचा आहे, तो म्हणजे काटा वर जाता जाता एकदम खाली पडणं. लोकांना वाटतं गार झाली. खरं म्हणजे पाणी इतकं कमी झालेलं असतं की सेन्सर कोरडा पडलाय. तिथेच थांबा.

२. सामान आणि तयारी

गाडी रात्रभर उभी असलेली, सपाट जागा, हँडब्रेक, चाकाखाली दगड. हातमोजे, चष्मा, टॉर्च, मोठा टब, फनेल, होसच्या क्लिपसाठी स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड, मल्टीमीटर, डिस्टिल्ड वॉटर, कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे कूलंट. छोट्या गाड्यांना साधारण साडेतीन ते सहा लिटर लागतं, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या, कारण शेवटी किती भरलं याचा हिशोब लागतो.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आणून ठेवू नका. समुद्राजवळच्या गावांत पाण्याला खारटपणा असतो, आतल्या भागात लोह, आणि दोन्ही ॲल्युमिनियमच्या हेडला आणि रेडिएटरला खातात. रस्त्यात अडकल्यावर नाइलाजाने टाकलं तर ठीक, पण मग लवकरात लवकर फ्लश करा, म्हणजे जुनं पाणी काढून आतून धुवा.

*इशारा:* कूलंट गोडसर असतं आणि विषारी. कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. टब उघडा ठेवून जेवायला जाऊ नका, आणि जुनं कूलंट गटारात, माडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

३. गार इंजिनावर लेव्हल, कॅप आणि होस

कॅप उघडा. पाणी गळ्यापर्यंत असायला हवं. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं दिसलं तर घाबरू नका, हा कॅपचा किंवा बाटलीच्या बारीक नळीचा दोष असू शकतो. गरम झाल्यावर जादा पाणी बाटलीत जातं, गार झाल्यावर ते परत रेडिएटरमध्ये ओढलं जायला हवं. कॅपचा मधला छोटा वॉल्व अडकला किंवा नळीला चीर असली की पाणी परत येतच नाही. गार झाल्यावर होस चपटा दिसणं हीसुद्धा त्याचीच खूण.

कॅपचं रबर बघा: कडक झालंय, चिरलंय, गाळ बसलाय? बदला. सगळ्यात स्वस्त पार्ट आहे, आणि दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं. पण वर छापलेला आकडा, ०.९ असो की १.१, तोच घ्या. जास्त दाबाची कॅप लावून जुना रेडिएटर फुटतो.

मग होस. क्लिपच्या जवळ फुगलेत का, दाबल्यावर आतून करकर आवाज येतो का, टोकाला पांढरी-हिरवी पावडर जमलीय का. ती पावडर म्हणजे वाळलेलं कूलंट, गळती तिथेच. वॉटर बॉडीच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून ओघळ आला असेल तर आतलं सील गेलं. कारमध्ये शेजारच्या सीटच्या पायाजवळचं कार्पेट ओलं आणि काचेवर आतून चिकट वाफ, तर हीटरची जाळी गळतेय.

डोळ्यांना काही दिसत नाही पण पाणी कमी होतं, तर रेडिएटरच्या दुकानात प्रेशर टेस्ट करून घ्या. कॅपच्या जागी पंप लावून दाब भरतात, काटा उतरला की गळती आहे. इंजिन गार असताना करायची टेस्ट आहे, फार वेळ लागत नाही.

*नको ते उपाय:* गळतीवर हळद टाकणं किंवा लीक थांबवायची पावडर. भोक बुजतं कधीकधी, पण त्याबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि हीटरची जाळीपण बुजते. आजची गळती थांबवून पुढचं तापणं विकत घ्यायचं.

४. हेड गॅस्केट आत्ताच तपासा, शेवटी नाही

लोक ही पायरी भीतीने शेवटी ठेवतात. पण गॅस्केट गेलेलं असेल तर पंखा, रेडिएटर, फ्लश सगळ्याचे पैसे पाण्यात, कारण सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरत राहणार आणि गाडी तापत राहणार.

घरची टेस्ट अशी. इंजिन पूर्ण गार, कॅप काढलेली, पाणी गळ्यापर्यंत, तोंडात फनेल घट्ट बसवलेलं आणि त्यात थोडं पाणी. गाडी सुरू करा आणि फनेलकडे टॉर्च मारून बघा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा, ती थांबते. पण बुडबुडे एका लयीत येतच राहिले, बारीक फेसासारखे, आणि कोणीतरी हळूच रेस दिल्यावर वाढले, पाणी उसळून फनेलबाहेर आलं, तर गॅस येतोय. पाणी कोमट झालं की टेस्ट बंद करा, उघड्या कॅपने गाडी तापू देऊ नका. ज्या गाड्यांत कॅप रेडिएटरवर नसून बाटलीवर असते तिथे बाटलीच्या तोंडाशी बघायचं.

पक्कं करायला गॅरेजमध्ये निळ्या पाण्याची टेस्ट असते, रेडिएटरच्या तोंडाची हवा त्या निळ्या द्रवातून ओढतात, जळलेला गॅस असेल तर तो पिवळा पडतो. जोडीला कॉम्प्रेशन टेस्ट. दोन शेजारच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकत्र कमी आलं तर त्यांच्या मधलं गॅस्केट गेलं असायची शक्यता मोठी.

आता एक गोष्ट खास आपल्याकडची. ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या सायीसारखा थर दिसला की लोक लगेच हेड उघडायला निघतात. गोव्याच्या पावसात हवेत एवढी ओल असते आणि गाडी घर ते बाजार एवढीच फिरली तर इंजिन पुरतं गरमच होत नाही, मग झाकणाखाली तसा थर जमतो. झाकण पुसा, गाडी तासभर हायवेला पळवा, परत बघा. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल, लेव्हल वाढलेली असेल, तर मात्र खरंच पाणी शिरलंय, गाडी चालवू नका.

हेड उघडलंच तर दोन गोष्टी हट्टाने करून घ्या. हेडचा सपाटपणा सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) मोजायला सांगा, मॅन्युअलमधली मर्यादा साधारण ०.०५ मिलिमीटर अशी बारीक असते, डोळ्याने कळत नाही. त्याहून जास्त वाकलं असेल तर मशीनवर फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणं), हाताने पॉलिश पेपर घासून नाही. आणि बोल्ट टॉर्क रेंचने, मधून बाहेर, मॅन्युअलच्या क्रमाने टप्प्याटप्प्यात. अंदाजाने आवळलेलं गॅस्केट थोड्याच दिवसांत परत जातं.

५. पंखा

ट्रॅफिकमध्ये तापणाऱ्या गाडीचं बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं.

गाडी चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा फिरायला लागतो. मग एसी बंद करून गाडी उभ्या जागी गरम होऊ द्या, साधारण ९५ डिग्रीच्या आसपास पंखा आपोआप लागायला हवा, थोड्या वेळाने बंद व्हायला हवा, परत लागायला हवा.

लागलाच नाही तर क्रमाने: फ्यूज, रिले (शेजारचा तसाच रिले बदलून बघा), मग मोटरला बॅटरीवरून जाड वायरने थेट करंट. थेट दिल्यावर फिरला म्हणजे मोटर ठीक, दोष स्विचचा किंवा वायरचा. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत दोन पिनांचा थर्मो स्विच असतो, त्याच्या दोन वायरी एकमेकांना जोडल्या आणि पंखा फिरला तर स्विच गेलाय. इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सरच्या वायरी अशा जोडायच्या नाहीत. तिथे सेन्सरचा प्लग काढला तर बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटर सावधगिरी म्हणून पंखा चालू करतो, तेवढ्यावरून बाकीची लाइन ठीक आहे हे कळतं.

पंखा फिरतोय पण मरगळल्यासारखा? अर्थिंग बघा. मांद्रे, मोरजी, कोलवा अशा किनाऱ्याच्या पट्ट्यात खाऱ्या हवेने बॉडीला जोडलेली अर्थची टिकली हिरवी पडते, बोल्टखाली पावडर होते, वरून दिसतही नाही. पंखा चालू असताना मल्टीमीटरची एक पिन मोटरच्या निगेटिव्हला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर तिथे करंट अडतोय, टिकली खोला, घासून चमकवा, आवळा, वर ग्रीस.

आणि दिशा. साखळीला आमच्या ओळखीच्या एका काकांच्या वॅगन आरमध्ये गॅरेजने पंख्याची मोटर बदलली, त्यानंतर रेडिएटर बदलला, थर्मोस्टॅट काढला, तरी उभी राहिली की तापायची. समोरच्या जाळीवर वहीचा कागद धरला तर तो आत ओढला जाण्याऐवजी बाहेर उडाला. मोटरच्या वायरी उलट्या जोडलेल्या, पंखा हवा पुढे ढकलत होता. कनेक्टरच्या दोन पिना आदलाबदल केल्या, प्रश्न संपला. ही कागदाची टेस्ट एका मिनिटाची आहे, मोटर किंवा वायरिंगला कोणी हात लावला असेल तर करायचीच.

*चेक:* पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर आणि बंपरखालचं पान जागेवर आहे ना? ही दोन्ही काढून टाकायची वाईट सवय आहे. ती नसतील तर हवा रेडिएटरमधून न जाता बाजूने निसटते.

६. बाहेरून सफाई

एसीचा कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. डिचोली, उसगाव, साखळीच्या बाजूला फिरलेल्या गाडीत तांबडी धूळ, त्यावर पावसाचा चिखल, त्यात किडे आणि पानं, असा वाळलेला थर असतो. समोरून पाणी मारून तो आणखी आत जातो. साध्या नळाच्या पाइपने इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे हवा येते त्याच्या उलट दिशेने धुवा. प्रेशर गन जवळून मारली तर पातळ पाती वाकतात. महिनोन्‌महिने ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी असेल तर उंदराने कुरतडलेल्या वायरी आणि होसपण याच वेळी बघा.

७. थर्मोस्टॅट: काढून टाकू नका, तपासा

"गोव्यात गरमच आहे, थर्मोस्टॅट कशाला" हे सर्रास ऐकायला मिळतं. काढला की इंजिन बराच वेळ गार राहतं, पेट्रोल जास्त खातं, ऑइल घट्ट राहून झीज वाढते. शिवाय कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की काही पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात गोल फिरतं आणि घाटात गाडी जास्तच तापते.

तपासायला काढून पातेल्यात पाण्यात दोऱ्याने लटकवा, बुडाला टेकू द्यायचा नाही, खाली गॅस, जोडीला थर्मामीटर. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो, त्याच्या आसपास उघडायला सुरुवात व्हायला हवी आणि आणखी दहा-पंधरा डिग्रीत पूर्ण उघडायला हवा. अडखळला, अर्धाच उघडला तर नवा घ्या, त्याच आकड्याचा. बसवताना हवा जायचं छोटं भोक वरच्या बाजूला, गॅस्केट नवं.

८. रेडिएटर आतून, वॉटर बॉडी, फ्लश

गाडी पूर्ण गरम झाल्यावर, थर्मोस्टॅट उघडल्यावर, इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरच्या जाळीवर फिरवा. तापमान एका टोकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू कमी व्हायला हवं. मधेच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. पंखा कधीही सुरू होऊ शकतो, हात आणि केस लांब. तांब्याचा जुना रेडिएटर रेडिएटरवाला उघडून रॉडिंग (नळ्यांत सळी घालून सफाई) करून देतो. प्लास्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनियमवाला असेल तर त्यावर खर्च करण्यापेक्षा नवा बरा.

वॉटर बॉडी बेल्टवर चालत असेल तर बेल्टचा ताण बघा, पुली धरून हलवा, खेळ असेल तर बेअरिंग गेलं. वर्षानुवर्षं साधं पाणी घातलेल्या गाडीत आतली पाती गंजून खाल्लेली असतात, बाहेरून गळत नाही, आवाज नाही, पण पाणी ढकलायची ताकद गेलेली असते. टायमिंग बेल्टवर चालणारी असेल तर बेल्टबरोबरच बदला, मजुरी एकदाच पडते.

फ्लश गार इंजिनावर. खालचा ड्रेन किंवा होस काढून सगळं सोडा, स्वच्छ पाणी भरा, हीटर फुल गरमवर, गाडी थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, गार होऊ द्या, सोडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत परत परत, शेवटचं पाणी डिस्टिल्ड. कपड्याची पावडर, ॲसिड, कॉस्टिक काही नको, ॲल्युमिनियम जातं. आपल्याकडे हीटर कोणी लावतच नाही त्यामुळे त्याची केबल किंवा वॉल्व गंजून जाम झालेला असतो, तो आधी मोकळा करा, नाहीतर जुना गाळ तिथेच राहतो.

९. भरणं आणि हवा काढणं

सगळं नीट करून इथे घाई झाली की "नवा रेडिएटर टाकूनपण तापते" ही तक्रार येते.

कूलंट रेडी मिक्स असेल तर तसंच, पाणी मिसळायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात, सहसा अर्धं-अर्धं, डिस्टिल्ड पाण्यात. जास्त घट्ट केलं तर जास्त गार राहील असं नाही, उलट शुद्ध कूलंट पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. हिरवं, लाल, केशरी एकमेकांत मिसळू नका.

गाडीचं नाक थोडं उंच करा, चढावर उभी केली तरी चालतं. हीटर गरमवर, ब्लीडिंगचा (हवा काढायचा) स्क्रू असेल तर उघडा. सावकाश भरा, अर्ध्यात थांबून वरचा होस हाताने दाबत राहा, गडगड करून हवा निघते. स्क्रूमधून बुडबुड्याशिवाय पाणी यायला लागलं की तो बंद. मग गाडी सुरू, फनेलमध्ये पाणी ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत. लेव्हल एकदम खाली जाईल, भरा. बुडबुडे थांबले की कॅप लावा. गॅस किट असलेल्या गाडीत कूलंटच्या नळ्या किटच्या व्हेपोरायझरलापण (गॅस गरम करणाऱ्या भागाला) गेलेल्या असतात, तिथे हवा हमखास अडकते, त्या नळ्यापण दाबा.

*चेक:* किती लिटर गेलं ते मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघा. ब्लॉकमध्ये थोडं जुनं पाणी राहतंच, पण लिटर-दीड लिटर कमी गेलं असेल तर आत हवा असायची शक्यता आहे. हीटरमधून गरम हवा यायला हवी, गार आली तरी अर्थ तोच.

१०. टेस्ट, लगेच घाटात नाही

आधी घरासमोर, एसी लावून, पंखा दोन-तीन वेळा लागून बंद होईपर्यंत. मग गावातल्या गावात. मग फर्मागुडीसारखा एखादा चढ, वस्तीतला, जिथे थांबायला जागा आणि मदत मिळते. तिथे काटा स्थिर राहिला तरच अनमोड, चोर्ला. चवथीला घरची माणसं भरून निघायच्या आदल्या दिवशी हे सगळं करायला घेऊ नका, मधे चार-पाच दिवस तरी हवेत.

एवढं करूनही चढावर तापली आणि पाणी कमी होत नसेल, तर कूलिंगच्या बाहेर बघा: इग्निशन टायमिंग, बुजलेला कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा सायलेन्सरच्या लाइनमधला भाग), अडकून राहणारा ब्रेक, घसरणारा क्लच. चाक हाताला चटका देण्याइतकं गरम लागलं तर ब्रेकपासून सुरुवात करा.

पहिला आठवडा रोज सकाळी गार इंजिनावर बाटलीची लेव्हल बघा आणि मार्करने रेघ मारून ठेवा. पहिल्या एक-दोन दिवसांत बोटभर खाली गेली तर उरलेली हवा निघाली, तेवढं भरा. त्यानंतरही रेघ खालीच सरकत असेल तर पाणी कुठेतरी जातंय, आणि परत तिसऱ्या आणि चौथ्या पायरीपासून सुरू करायचं.